परवान्याची लागवड

मुरुमात तोवर फूल म्हणजे एक तर देवाला, नाहीतर बायकांच्या डोक्याला, आणि अगदीच वेळ आली तर तिरडीला. फूल नुसतं बघत बसायला असतं, ही कल्पना गावात शांतलिंग मास्तरांनी आणली. ती आणल्याबद्दल पुढं त्यांना कचेरीत उभं राहावं लागलं, तो भाग वेगळा.

मास्तर सरकारी शाळेत भूगोल आणि हिशेब शिकवत. युरोपात लढाई पेटलेली होती आणि मुरुमात तिचा एवढाच पुरावा होता की साखर, रॉकेल आणि कापड, तिन्ही गोष्टी परवान्याशिवाय मिळत नव्हत्या. त्या वर्षी सुट्टीत मास्तर बंगळूरला मेव्हण्याकडं गेले. मेव्हणा मल्लिकार्जुन तिथं एका धनिकाच्या बागेचा कारभार बघायचा. निघताना त्यानं बहिणीला लुगडं दिलं आणि मास्तरांना ऑर्किडची दोन रोपं दिली. एक पांढऱ्या फुलाचं, एक जांभळट फुलाचं. त्या फुलाच्या पाकळ्या पंख पसरून बसलेल्या पतंगासारख्या दिसतात, म्हणून बागेतले लोक त्याला पतंगाचं फूल म्हणत.

एवढ्यावर थांबला असता तर काही बिघडलं नसतं. पण गाडी हलता हलता तो म्हणाला, "ह्या दोघांचा संकर केला तर निराळंच फूल निघतं, भावजी. जगात दुसऱ्या कुणाकडं नसलेलं."

मास्तरांकडं आजवर जे जे होतं ते सगळं दुसऱ्या कुणाकडं तरी होतंच. त्यांच्यासारखा कोट हेडमास्तरांकडं होता आणि तो जास्त नवा होता. त्यांच्यासारखी दमेकरी सायकल पोस्टमनकडं होती. 'जगात दुसऱ्या कुणाकडं नसलेलं' हे शब्द मास्तरांनी सोलापूरपर्यंत मनात घोळवले आणि मोटार मुरुमला पोचेपर्यंत त्यांचं ठरलं होतं.

पहिली अडचण जागेची आली. ह्या झाडाला माती चालत नाही, मुळं हवेत लोंबकळत ठेवावी लागतात, असं मल्लिकार्जुननं बजावलं होतं. शेजारचे बंडप्पा किराणा दुकानदार. गावातल्या कुठल्याही कामाला दुकान सोडून येणारे हे एकच गृहस्थ. ते रोपांभोवती फिरून आले, नाकात तपकिरीची चिमूट सरकवली आणि म्हणाले, "मातीत न्हाय लावायचं?"

"नाही."

"आन् मातीचं काय चुकलं?"

भूगोलाच्या शिक्षकानं ह्याचं उत्तर द्यायला हवं होतं, पण मास्तर जागा शोधायला घरात शिरले.

मुरुमचं ऊन मुरुमच्या माणसांनाच कसंबसं सोसतं. बंगळूरच्या झाडाला ओल हवी, सावली हवी. घरात अशी जागा एकच होती, न्हाणीघर. मास्तरांनी तिथं आडवा वासा टाकून त्याला दोन्ही रोपं टांगली. बंबाचा धूर त्यांना बाधेल म्हणून बंब अंगणात आणला. साबणाचे शिंतोडे उडतील म्हणून अंघोळही अंगणात आणली. महानंदाबाईंना अंगणात अंघोळ कशी करवणार? त्या बंडप्पांच्या घरी जाऊ लागल्या.  रोज सकाळी खांद्यावर लुगडं टाकून, हातात तांब्या घेऊन, सगळ्या गल्लीला दिसेल अशा बेतानं रस्ता ओलांडत. मास्तर त्या वेळी वर्तमानपत्र तोंडासमोर धरत.

थंडीच्या शेवटी दोन्ही झाडं फुलली. मास्तरांनी मल्लिकार्जुननं सांगितल्याप्रमाणं काडीच्या टोकानं जांभळ्या फुलातले परागाचे दोन पिवळे दाणे उचलून पांढऱ्या फुलाच्या पोटात ठेवले. काम नाजूक होतं आणि मास्तर स्टुलावर श्वास रोखून उभे होते. दाराशी बंडप्पा उभे होते.

"लगीन लागलं म्हणायचं?"

"तसं म्हणायला हरकत नाही," मास्तर खाली उतरत म्हणाले.

"पोरगी कंची?"

"पांढरी."

"मंजे पोरगी उजळ आन् पोरगा काळा. लेकरं कुनावर जात्यात ते बगायचं आता."

संध्याकाळपर्यंत गावात बातमी पसरली की मास्तरांनी न्हाणीघरात लग्न लावलं, जेवणही दिलं नाही.

शेंग धरायला आणि पिकायला पुढचा पावसाळा उलटावा लागला. ती शेंग मास्तर दिवसातून इतक्या वेळा बघून येत की महानंदाबाईंनी एकदा शांतपणे विचारलं, "आमच्या पोटात बसू होता तवा का न्हाई आला असं बघायला?" बसवराज त्यांचा थोरला, आता हैदराबादेत शिकत होता. त्याच्या जन्माच्या वेळी मास्तर तालुक्याला पगार आणायला गेले होते. हा विषय दर दोन-तीन वर्षांनी निघत असे, त्या वर्षी जरा वरचेवर निघाला.

शेंग तडकली. तिच्यातून बी म्हणून जे निघालं ते पीठच होतं, फिकट, हलकं, श्वासानं उडणारं. मास्तरांनी ते कागदावर ओतून सोप्यातल्या टेबलावर ठेवलं आणि झाकायला वाटी आणायला आत गेले. तेवढ्यात बंडप्पा आले. टेबलावर कागदावर तपकीर पडलेली त्यांना दिसली. शेजाऱ्याच्या घरी पडलेली तपकीर चाखून न बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मास्तर वाटी घेऊन बाहेर आले तेव्हा त्यांच्या पिकाची निम्मी पिढी बंडप्पांच्या नाकात गेली होती.

"लई सौम्य हाय," बंडप्पा नाक पुसत म्हणाले. "शिंकच येईना."

त्या दिवसापासून बंडप्पांना शिंक आली की मास्तरांच्या काळजाचं पाणी होई.

उरलेलं बी मातीत पेरून उगवत नाही. त्याला बाटलीत चायना ग्रासची जेली करून द्यायची, जेलीत साखर घालायची, बाटल्या वाफेवर उकडून घ्यायच्या आणि बी टाकून तोंडं कापूस-मेणानं बंद करायची, अशी कृती मल्लिकार्जुननं लिहून पाठवली होती. चायना ग्रास सोलापूरला मिळालं. बाटल्या वैद्यांकडून आल्या. साखरेपाशी घोडं अडलं. घरात वाट्याला येणारी साखर महानंदाबाईंच्या ताब्यात होती आणि ती फुलाला देण्याविषयी त्यांचं मत मास्तरांनी विचारलंसुद्धा नाही. विचारायची हिंमत नव्हती असं नव्हे. उत्तर ठाऊक होतं. थोड्या साखरेवर काही बाटल्या झाल्या, त्याही सणाची साखर चोरून. पुढच्या खेपेसाठी जादा साखरेचा रीतसर परवाना काढावा, असं मास्तरांनी ठरवलं. रीतसर वागायची मास्तरांना खोड होती आणि ह्या गोष्टीतलं बहुतेक नुकसान त्या खोडीनं झालं आहे.

मुरुम तेव्हा हैदराबाद संस्थानात, त्यामुळं तालुक्याच्या कचेरीत दरखास्त उर्दूत द्यावी लागे. मास्तरांचं उर्दू वाचण्यापुरतं होतं, लिहिण्यापुरतं नव्हतं. त्यांनी तिथल्या एका म्हाताऱ्या पेशकाराला गाठलं. त्यानं टाक दौतीत बुडवला आणि विचारलं, "साखर कशासाठी?"

"पतंगाचं फूल आहे, त्याची नवी जात काढायची आहे."

"पतंग?" पेशकारानं टाक थांबवला. उर्दूत पतंग म्हणजे आपण दोऱ्यानं उडवतो तो. "पतंग उडवायला शकर कायकू मास्टरजी?"

"तो पतंग नव्हे. दिव्यावर झेप घेतो, जळून मरतो, तो."

"अच्छा अच्छा, परवाना." पेशकाराचा चेहरा उजळला. त्याला शायरीचा नाद होता. परवान्याविषयी त्यानं दोन शेर म्हणून दाखवले, मास्तरांनी मान डोलावली, आणि त्या आनंदात दरखास्त लिहून झाली. तिचा मतलब असा होता: मुरुमचे शांतलिंग मास्तर ह्यांच्या घरी सध्या दोन परवाने आहेत, त्या दोहोंवरून ते घरच्या घरी नव्या जातीचा परवाना तयार करत आहेत, काम बरंच पुढं गेलं आहे, तरी त्याकामी साखर मिळावी.

मास्तरांनी खाली ठळक सही केली.

त्या काळात बनावट परवान्यांचा सुळसुळाट होता आणि वरून कडक हुकूम आले होते. ज्या अधिकाऱ्यानं दरखास्त वाचली त्यानं ती पुन्हा वाचली म्हणतात. इतका सरळ गुन्हेगार त्याला नोकरीत भेटला नव्हता. पोलीस अमिनांना ताबडतोब झडतीचा हुकूम गेला.

अमीनसाहेब आले तेव्हा मास्तर शाळेतून नुकतेच येऊन पाय धूत होते. दारात शिपाई, मागं बंडप्पा, बंडप्पांच्या मागं गल्ली.

"मास्टर, परवाने कुठं आहेत?" अमिनांनी दरडावून विचारलं.

मास्तरांना गहिवरूनच आलं. दरखास्त देऊन आठवडाही झाला नव्हता आणि सरकारनं चौकशीला खुद्द अमीन पाठवले होते. "न्हाणीघरात," ते अदबीनं म्हणाले. "दोन आहेत. या ना."

अमीन चरकले. इतक्या खुशीनं कोणी कबुली देत नाही, म्हणजे ह्यात वरची मोठी माणसं असणार. ते न्हाणीघरात गेले. वाशाला दोन झाडं टांगलेली होती.

"परवाने?"

"हेच."

अमिनांनी झाडांच्या पानामागं बघितलं, मुळांत बोटं घातली, वासा ठोकून बघितला. मास्तर म्हणाले, "जरा हळू, साहेब. मूळ फार नाजूक असतं." अमिनांना वाटलं आपली थट्टा चालली आहे. त्यांनी सगळं घर उलथं करायचा हुकूम दिला आणि फडताळात मेणानं बंद केलेल्या बाटल्या सापडल्या. आत पांढुरकं, थलथलीत काहीतरी. शेजारी उकडण्याचं भांडं, नळी, आणि फडक्यात बांधलेली चिमूटभर साखर.

"हे काय?"

"ह्यात नवे परवाने तयार होतायत," मास्तर म्हणाले.

अमीन हुशार गृहस्थ होते. साखर, भांडं, नळी, बंद बाटल्या. त्यांनी हा मामला ओळखला आणि दारूचं काम आपलं नाही म्हणून आबकारी खात्याला वर्दी दिली. आबकारीचे दारोगा गौस मोहिद्दीन दुसऱ्या दिवशी आले. उंच, सावकाश बोलणारे, मेंदी लावलेल्या दाढीचे. त्यांनी बाटली उजेडात धरली, हलवली, मेणाला नाक लावलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वासावरून काही कळलं नाही.

"चढती क्या?" त्यांनी विचारलं.

"अजून महिने लागतील," मास्तर उगवण्याविषयी म्हणाले.

बाटल्या जप्त झाल्या. महानंदाबाईंनी दोन बाटल्या शिपायांची नजर चुकवून पिठाच्या डब्यात सरकवल्या, हे मास्तरांना मागाहून कळलं. बाकीच्या एका टोपलीत घालून शिपायानं डोक्यावर घेतल्या आणि जबानीसाठी मास्तरांना बरोबर चालवलं. भर बाजारातून. मास्तरांनी एवढंच केलं की पावलं उचलून ते टोपलीच्या पुढं झाले, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की मिरवणूक त्यांनीच काढली आहे. शाळेतली पोरं रस्त्याच्या कडेला ओळीनं उभी राहिली आणि त्यांनी सवयीप्रमाणं नमस्ते केलं. मास्तरांनी सवयीप्रमाणं बसा म्हटलं.

मग भांडण लागलं ते मास्तरांचं नव्हे, दोन खात्यांचं. पोलीस म्हणाले दारू आहे, आबकारीचं काम. आबकारी म्हणालं दरखास्तीत परवाने तयार करतो असं स्पष्ट लिहिलंय, पोलिसांचं काम. निकाल लागेपर्यंत मुद्देमालाला कोणी हात लावायचा नाही असं ठरून बाटल्यांवर लाखेची मोहर झाली आणि त्या आबकारीच्या गोदामात मोहाच्या पिंपांमागं फळीवर गेल्या. निकाल लागेपर्यंत मास्तरांनीही शाळेला हात लावायचा नाही असं हेडमास्तरांनी कळवलं. पगार थांबला. मास्तर दिवसभर घरात बसू लागले आणि घरात बसलेल्या मास्तराची किंमत काय असते ते त्यांना उमगलं. भाजी आणायला गेले तर भाजीवाली विचारी, "सुटला व्हय?"

उरलेल्या दोन बाटल्यांवर त्यांनी जीव ओवाळून टाकला. कोंब आला का, हे नीट दिसावं म्हणून ते रोज बूच जरासं उचलून बघत. पंधरवड्यात एका बाटलीत काळी बुरशी आली, दुसरीत हिरवी. हिरवी बघून त्यांनी एक दिवस पेढे वाटले. नंतर ती बुरशीच असल्याचं कळलं, पण पेढे परत मागता येत नाहीत.

त्या संध्याकाळी ते सोप्यात कोट अंगात घालून बसून राहिले. कुठं जायचं नव्हतं. महानंदाबाई समोर येऊन बसल्या.

"नोकरी जाईल का हो?"

"जाईल बहुतेक."

"मग जाऊ द्या. बंगळूरला दादा बागेत ठिवून घील तुमाला." उठता उठता त्या म्हणाल्या, "फक्त लिवण्याचं काम घेऊ नका."

महिने गेले. एक दिवस दारोगांचा शिपाई आला, ताबडतोब बोलावलंय म्हणाला. मास्तरांनी टोपी घातली, देवाला नमस्कार केला, बंडप्पांना घराकडं लक्ष ठेवायला सांगितलं. बंडप्पांनी "या जाऊन" असं ज्या आवाजात म्हटलं तो मास्तरांना आवडला नाही.

गोदामात गौस मोहिद्दीन एकटेच उभे होते. फळीवरच्या झरोक्यातून बाटल्यांवर उजेड पडला होता. लाखेची मोहर जशीच्या तशी होती. आणि प्रत्येक बाटलीच्या आत, काचेला चिकटून, मुगाच्या डाळीएवढी हिरवी पानं दाटीवाटीनं उभी होती.

मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली. 

"मास्टरजी," दारोगा दबक्या आवाजात म्हणाले, बाळ झोपलेल्या घरात बोलतात तसे, "हे काय आहे, खरं सांगा."

मास्तरांनी खरं सांगितलं. बंगळूरपासून सांगितलं. पेशकाराच्या शेरापाशी आल्यावर दारोगा पिंपावर बसले आणि डोळे पुसत हसत राहिले. मग त्यांनी कागद घेतला आणि आबकारी खात्याचं मत स्वतःच्या हातानं लिहिलं. त्याचा सारांश गावात पुढं पुष्कळ दिवस सांगितला जाई: दारूला पानं फुटत नाहीत, परवान्यालाही फुटत नाहीत, सबब दोन्ही आरोप गैरलागू. मास्तर शाळेत परत गेले. थकलेला पगार मिळाला. साखर मात्र नामंजूर झाली.

घरी उचलाउचल करून बघितलेलं सगळं कुजलं होतं आणि सरकारनं दुर्लक्ष केलेलं सगळं उगवलं होतं. मास्तरांनी ह्यातून जो बोध घ्यायचा तो घेतला. रोपं बाटलीतून काढून कोळशाच्या तुकड्यांवर बसवली आणि दिवसातून एकदाच बघायचं अशी शपथ घेतली. शपथ मोडायला आता एक जोडीदारही होता. दारोगा गस्तीला मुरुमला आले की घोडं दारात बांधून सरळ न्हाणीघरात जात. "कैसे हैं बच्चे?" विचारत. त्यांचं म्हणणं, मास्तरांनी जन्म दिला तरी पाळणा त्यांच्या गोदामात हलला होता. महानंदाबाई त्यांना चहा करत, आणि चहात साखर घालत. मास्तरांना गुळाचा मिळे.

ह्या झाडाला फुलायला वर्षं लागतात. ती लागली. एका उन्हाळ्यात निम्मी रोपं वाळली. एका पावसाळ्यात गोगलगायींनी खाल्ली. एक बंडप्पांच्या हातून बादलीत पडलं. बंडप्पा पाणी किती गार आहे ते बघत होते. शेवटी एकच उरलं आणि सत्तेचाळीस सालच्या थंडीत त्याला कळी आली. तोवर फुलाच्या नावावर गावात पार चढाओढ लागली होती. हेडमास्तरांना शाळेचं नाव हवं होतं. बंडप्पांना दुकानाचं. मास्तरांनी बसवराजकडून हैदराबादच्या फोटोग्राफरची चौकशीसुद्धा करून ठेवली.

फूल उमललं. पांढऱ्यावर जांभळ्या शिरा असतील, नाहीतर जांभळ्यावर पांढरी किनार, असे दोन बेत मास्तरांनी मनाशी केले होते. फुलानं तिसराच केला. रंग मळकट पिवळसर, त्यावर चहाचे थेंब उडावेत तसे करडे ठिपके. बंडप्पांनी वाकून बघितलं. त्यांना मास्तरांविषयी माया होती, म्हणून ते म्हणाले, "धुतल्यावर निघल."

मास्तरांनी न्हाणीघराला कुलूप लावलं आणि फूल अजून उमललं नाही असं गावात सांगितलं. हेडमास्तरांना टाळण्यासाठी दोन दिवस मागच्या दारानं शाळेत गेले. जगात दुसऱ्या कुणाकडं नाही हे खरंच होतं. कोणी ठेवलंच नसतं.

तिसऱ्या दिवशी गौस मोहिद्दीन आले. घोडं नव्हतं, मोटारीनं आले होते. दूर परभणीकडं बदली झाली होती, दुसऱ्या दिवशी मुरुमवरूनच निघायचं होतं, निरोप घ्यायला आले होते. मास्तर इकडचं तिकडचं बोलत राहिले. चहा झाला. मग महानंदाबाई उठल्या, खुंटीवरची किल्ली काढून त्यांनी दारोगांच्या हातात दिली आणि आत निघून गेल्या.

दारोगांनी पालथ्या बादलीवर बसून फूल बघितलं. मास्तर दाराशी उभे होते, परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखे.

"रंग नीट उतरला नाही," ते म्हणाले. "मळका आला."

 दारोगा बादली फुलाजवळ ओढत म्हणाले, "मास्टरजी, सारी उम्र जप्तीचं काम केलं. जे जप्त केलं ते ओतून टाकलं, नाहीतर फोडलं, नाहीतर जाळलं. लोकांच्या चुली विझवल्या, शिव्या खाल्ल्या. आमच्या हातात आलं आणि वाढलं, असं हे एकच."

मास्तर पुढं आले. त्यांनी दोन दिवसांत पहिल्यांदाच फुलाकडं सरळ बघितलं. मधल्या पाकळीच्या आत, फार आत, जांभळ्या रंगाची एक बारीक रेघ होती. ती त्यांना दिसली नव्हती, कारण त्यांनी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरुमच्या मोटारअड्ड्यावर मास्तर एक टोपली दोन्ही हातांनी धरून उभे होते. दारोगा नको नको म्हणत होते आणि टोपलीकडं हात करत होते. मोटारीत चढून ती त्यांच्या मांडीवर ठेवली आणि मास्तर खाली उतरले. मोटार सुटली. खिडकीतून मेंदीची दाढी आणि मळकं पिवळं फूल, दोन्ही हलताना बराच वेळ दिसत होती.

परतताना बंडप्पांनी दुकानातून हाक मारली. "मास्तर, एवडी वर्सं घालून आलेलं फूल, दिऊन टाकलं म्हणं?"

मास्तर थांबले. टोपी सारखी केली.

"दिलं नाही," ते म्हणाले. "त्याची बदली झाली."